लिंबू म्हणजे रातांबो न्हय

परवा भाच्याचा फोन आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, प्रोजेक्टचं टेन्शन गेलं! चौघांत वर्गणी काढली, बाहेरून तयार मॉडेल मागवतोय. रिपोर्टसकट."

त्याला झापायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला आमचा प्रोजेक्ट आठवला.

वीसेक वर्षं झाली असतील. आम्हीही चौघेच. आम्ही विकत काही आणलं नव्हतं, सगळं स्वतः केलं होतं. विषयही घरचाच होता, रातांबे फोडायचं यंत्र. आमच्यातल्या एकाची आई दर मे महिन्यात रातांबे फोडायची. फळ कापायचं, गर आणि बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा उन्हात. पाऊस डोक्यावर यायच्या आत सगळं उरकायचं. कापून कापून काकींच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. त्यांच्यासाठी यंत्र करूया, असं ठरलं.

पण रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि आमचा प्रोजेक्ट जमा करायचा होता त्याच्या आधी. मग चाचणी कशावर घेणार? आम्ही बाजारातून लिंबं आणली. साधारण त्याच आकाराची, गोल. यंत्राने ती झकास कापली. घड्याळ लावून तासाला किती किलो तेही काढलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं. 'लिंबू' हा शब्द मात्र त्या पानावर कुठेच नव्हता.

काकींचा मुलगा ड्रॉइंगमध्ये कच्चा. त्यामुळे आम्ही त्याला सामान आणणे, झेरॉक्स काढणे अशी कामं दिली होती. लिंबं कापताना तो एकदाच म्हणाला, "लिंबू म्हणजे काय रातांबो न्हय रे." आम्ही हसलो. तोही हसला आणि बाइंडिंगवाल्याकडे निघून गेला.

मार्क उत्तम पडले. मे महिन्यात यंत्र काकींच्या पडवीत नेलं. पात्याने फळाबरोबर बियाही कापल्या. बिया म्हणजे कोकमतेल, त्या फुकट जाऊन कशा चालतील? वर आम्ही पातं घेतलं होतं साध्या लोखंडाचं. कोकमाचा आंबट रस आणि मीठ लागल्यावर ते दोन दिवसांत काळं पडलं, सालांवर डाग आले. काकी एवढंच म्हणाल्या, "ऱ्हवांदे रे बाबांनो, मी करतंय हातान." यंत्र पडवीतच राहिलं. पुढे त्यावर कळशी ठेवत असत.

हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक होतं. लहानपणापासून तो आईशेजारी बसून रातांबे फोडत होता. गटात खरा तज्ज्ञ तोच, आणि आम्ही त्याला झेरॉक्सला पाठवलं!

म्हणून मला वाटतं, तयार प्रोजेक्ट विकत आणणारी मुलं आणि आम्ही यांत फार फरक नाही. त्यांनी मॉडेल विकत घेतलं, आम्ही आकडा ढापला. मूळ एकच: प्रोजेक्ट परीक्षकासाठी असतो, वापरणाऱ्यासाठी नसतो.

तंत्रशिक्षण मंडळाने 2017 पासूनच्या अभ्यासक्रमात याचा थोडा विचार केलेला दिसतो. त्यात कॅपस्टोन प्रोजेक्ट दोन सत्रांत वाटला, पाचव्यात नियोजन आणि सहाव्यात प्रत्यक्ष काम व अहवाल. चांगलंच आहे. पण रातांब्याच्या हिशेबाने बघा. नियोजन सुरू होतं पावसाळ्यात, म्हणजे हंगाम संपल्यावर, आणि काम जमा होतं ऐन हंगामाच्या तोंडावर. कॉलेजचं वर्ष आणि झाडाचं वर्ष यांची गाठच पडत नाही. आंबा, काजू यांचंही थोडंफार तसंच.

यावर उपाय सोपा आहे. चौथं सत्र संपल्यावर मे महिन्याची सुट्टी असते. त्यातले आठ दिवस मुलांनी एखाद्या पडवीत, काजूच्या कारखान्यात नाहीतर मासळीच्या लिलावात नुसतं बसावं. विषय तिथे निवडावा. आणि परीक्षकांनी न चाललेल्या यंत्रालाही मार्क द्यावेत, ते का चाललं नाही हे गटातल्या प्रत्येकाला सांगता येत असेल तर. हे आम्हाला कोणी विचारलं असतं तर 'लिंबू' हा शब्द आम्ही रिपोर्टमध्ये लिहिला असता. कदाचित.

भाच्याला हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. मग विचारलं, "पण मामा, तुमचा तो मित्र आता काय करतो?"

मला सांगता आलं नाही. प्रोजेक्टनंतर आमचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. का, ते आता कळतंय.

या मे महिन्यात मालवणला जाईन तेव्हा त्यांच्या पडवीवरून जाणार आहे. बघू, कळशीखाली अजून ते आहे का.