२७.० की २६.४?

हँडल सरळ असताना जागेवर अडकते, वळवायला किंचित जोर लागतो आणि मग ते एकदम सुटते. ही तक्रार घेऊन जुनी जपानी रोड सायकल दुकानात आली की आपल्यापैकी बरेच जण पाना उचलून लॉकनट सैल करतात. हँडल मोकळे झाल्यासारखे वाटते आणि गिऱ्हाईक समाधानाने जाते. पंधरा दिवसांत पुढचा ब्रेक दाबला की चिमटा खडखडू लागतो. सैल हेडसेटमध्ये छर्रे वाट्यांवर आपटत राहतात, म्हणजे जुने दुखणे तसेच राहून वर नवे जडते. झिजलेला हेडसेट ऍडजस्टमेंटने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. आणि सायकल जपानी असेल तर बदलण्याआधी एक माप पक्के करावे लागते. ते न घेता हातोडा चालवला तर फ्रेमचे होणारे नुकसान भरून निघत नाही. म्हणून या महिन्याचे संपादकीय या एकाच कामावर.

आधी या सायकलींविषयी थोडे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची मागणी इतकी वाढली की युरोपातले कारखाने पुरे पडेनात. ती जागा जपानी कंपन्यांनी घेतली. मियाता, फुजी, निशिकी, सेंच्युरियन, पॅनासोनिक, ब्रिजस्टोन ही नावे त्या काळातली. ओसाकाजवळचे साकाई हे तलवारी आणि पुढे बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. तिथेच १९२१ साली शिमानो सुरू झाली. मियाता हा तर मुळात तोक्योतला बंदुकांचाच कारखाना. धातूकामाची ही जुनी सवय या फ्रेमच्या सांध्यांत दिसते. तांगे किंवा इशिवाताच्या नळ्या, बारीक घासलेले लग, कुठेही ओघळ नसलेले ब्रेझिंग. मग सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात चलनांचा करार झाला. डॉलरला सुमारे २४० येन पडत होते, ते १९८७ संपेपर्यंत १२५च्या खाली आले. जपानी सायकल अमेरिकन गिऱ्हाइकाला परवडेनाशी झाली आणि बरेचसे काम तैवानला गेले. त्या दहा-पंधरा वर्षांतल्या फ्रेम आता पुन्हा होणार नाहीत. परदेशातून परतलेल्या माणसांच्या सामानातून त्यातल्या काही आपल्या स्टँडवर येतात, आणि घरच्या सायकलीचे माप डोक्यात ठेवून आपण त्यांना हात घालतो.

झीज कशी ओळखायची? चिमटा काढा, खालची रेस रॉकेलने धुवा, कोरडी पुसा आणि दिव्याखाली तिरपी धरा. चाकाच्या दिशेने, म्हणजे पुढे आणि मागे, ओळीने बारीक खळगे दिसतील. दोन खळग्यांतले अंतर दोन छऱ्यांतल्या अंतराएवढेच असते. डाव्या-उजव्या बाजूंचा रस्ता मात्र बहुतेक वेळा चकचकीत, जवळजवळ नव्यासारखा असतो. खळग्यात नख फिरवले तर कड लागते, तळाशी तांबूस-काळपट डाग दिसतो. सगळे छर्रे एकाच वेळी आपापल्या खळग्यात उतरतात, तेव्हाच हँडल अडकते.

हे खळगे खड्ड्यांतल्या दणक्याने पडतात, असे आपण नव्या पोरांना सांगत आलो आहोत. ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकाचे लेखक, इंजिनिअर जॉब्स्ट ब्रँट यांनी वेगळे कारण मांडले आणि मला ते पटते. सरळ रस्त्यावर हँडल फारसे फिरत नाही, त्यामुळे छर्रे तासन्‌तास एकाच जागी उभे असतात. चिमट्याची नळी मात्र रस्त्याच्या प्रत्येक थरथरीबरोबर पुढे-मागे केसभर वाकते. त्या सूक्ष्म घासण्यात छऱ्याखालचा ग्रीसचा थर निघून जातो, धातू धातूला लागतो आणि पृष्ठभागाचे कण उपटले जातात. तो तांबूस डाग त्याच घासण्याची पूड. त्यामुळे सायकल फार चालवली नाही म्हणून ओव्हरऑइलिंग पुढे ढकलणे हेडसेटच्या मुळावर येते. ग्रीस वाळले की थोडे चालवूनही खळगे पडतात.

हँडल फक्त मधोमध अडकत असेल तर दोष रेसमध्ये आहे. एका बाजूला आवळते आणि दुसऱ्या बाजूला सैल पडते, अशी तऱ्हा असेल तर चिमट्याची नळी वाकली आहे किंवा हेड ट्यूबची तोंडे एकमेकांना समांतर नाहीत. तिथे नवा हेडसेट घालून काहीही साधणार नाही. खालच्या दांडीवर, हेड लगच्या मागे बोट फिरवून फुगवटा लागतो का तेही पाहा. समोरून धडकलेल्या सायकलीची खूण तिथेच सापडते.

पैशांची किंवा सुट्या भागाची अडचण असेल तर एक तात्पुरता उपाय आहे. पिंजऱ्यातले छर्रे काढून टाका, वाटीत ग्रीस भरा आणि त्याच मापाचे सुटे छर्रे बसवा, एका छऱ्याएवढी जागा मोकळी ठेवून. छऱ्यांची संख्या बदलली की ते सगळे एकदम जुन्या खळग्यांत उतरत नाहीत आणि हँडल काही काळ सुरळीत फिरते. जपानी हेडसेटमध्ये बहुतेक वेळा सव्वा सुताचा छर्रा असतो, कॅम्पाग्नोलोच्या रेकॉर्डमध्ये दीड सुताचा. डब्यात हे दोन्ही एकत्र ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. एक इंची आट्यांच्या हेडसेटमध्ये जपानी जेआयएस आणि आज सर्रास मिळणारे आयएसओ ही दोन मापे दिसायला जुळी आहेत. आटे दोन्हींत तेच, इंचाला २४. हँडलची दांडीही दोन्हींत २२.२ मि.मी.ची. लॉकनट एकमेकांवर सहज चढतात आणि आपली फसगत तिथेच होते. फरक ठोकून बसवायच्या भागांत आहे. जेआयएसमध्ये चिमट्यावरची रेस २७.० मि.मी.च्या बैठकीवर बसते, आयएसओमध्ये २६.४च्या. हेड ट्यूबमध्ये दाबायच्या वाट्या जेआयएसमध्ये ३०.० मि.मी., आयएसओमध्ये ३०.२. सायकल जपानी आहे म्हणून माप जेआयएसच असेल, असेही धरून चालू नका. निर्यातीच्या काही चांगल्या मॉडेलांवर २६.४ची बैठक सापडते. कंपनीचे नाव आणि साल यावरून अंदाज बांधता येतो, सुटा भाग मागवता येत नाही.

माप असे घ्या. जुनी रेस दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके टोले देत उतरवा. बैठकीवरचा गंज आणि रंग साफ करा. व्हर्नियरने एकमेकांना काटकोनात दोन मापे घ्या, म्हणजे बैठक अंडाकृती झाली असेल तर कळेल. हेड ट्यूबचे आतले माप दोन्ही टोकांना घ्या: २९.९च्या आसपास आले तर जेआयएस, ३०.१च्या आसपास आले तर आयएसओ. जुन्या वाट्यांचे बाहेरचे मापही नोंदवा. दोन्ही मापे जुळली की मगच सुट्या भागासाठी फोन करा.

माप न घेता काम केल्यावर काय होते, ते आमच्याकडे आलेल्या एका मियातावर पाहिले. आधीच्या दुकानात २७च्या बैठकीवर २६.४ची रेस ठोकली होती. रेस पाणी दिलेल्या कडक पोलादाची असते. ती ताणली जात नाही, तडकते. वरून ती नीट बसलेली दिसत होती. ग्रीस पुसल्यावर केसासारखी रेघ दिसली, आतल्या कडेपासून थेट छऱ्यांच्या रस्त्यापर्यंत. मालक त्याच सायकलने घाट उतरत होते. वाट्यांची गोष्टही अशीच आहे. ३०.२ची वाटी जेआयएस हेड ट्यूबमध्ये जोर लावून दाबली की लगच्या कडेवर ताण येतो, आणि तिथे चीर गेली तर तो सांधा पूर्ववत करणारा कारागीर शोधून सापडत नाही. उलट बाजूने, २७ची रेस २६.४वर ठेवली तर ती नुसती फिरते. मग कोणी डब्याचा पत्रा कापून खाली घालतो. तो पत्रा महिनाभरात चुरगळतो.

यावर आपल्यातच दोन मते आहेत. पुष्कळ जाणते मेकॅनिक २७ची बैठक कटरने २६.४ करून घेतात, हेड ट्यूब रीम करतात आणि आयएसओ हेडसेट बसवतात. काम स्वच्छ होते आणि पुढे सुटे भाग कुठेही मिळतात. त्यांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. तरीही माझे मत विरुद्ध आहे. २७.० मापाचे नवे हेडसेट अजून बनतात. तांगेचा लेव्हिन हा त्यातला एक. तो मिळवायला चार आठवडे थांबावे लागले तरी थांबावे. हेडसेट हा झिजायचाच भाग आहे. त्याच्यासाठी चाळीस वर्षे टिकलेल्या चिमट्याचा धातू कायमचा कातून काढू नये. बैठक आधीच खराब झाली असेल, गंजून किंवा कोणी कानशीने घासून, तरच कटर घ्यावा आणि तोही मालकाला विचारून.

दुसरे माप उंचीचे. आटे नसलेले हेडसेट नव्वदच्या दशकापासून रूढ झाले आणि त्यावर शिकलेल्या मुलांना याची सवय नाही. रेसच्या बैठकीपासून चिमट्याच्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, त्यातून हेड ट्यूबची लांबी वजा करा. उरेल तेवढ्यात नव्या हेडसेटची उंची बसली पाहिजे. नवा हेडसेट ठेंगणा असेल तर स्पेसर घालता येतो. उंच असेल आणि लॉकनटला पुरेसे आटे मिळत नसतील, तर तो परत करा. दोन आट्यांवर लटकलेला लॉकनट गिऱ्हाइकाला देऊ नका.

बसवताना वाट्या ठोकू नयेत, दाबाव्यात. आट्यांचा लांब बार, दोन जाड वॉशर आणि दोन नट कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेता येतात. एका वेळी एकच वाटी दाबा म्हणजे ती तिरकी जात नाही. रेस खाली बसवायला चिमट्याच्या नळीवरून जेमतेम जाणारा पाइप वापरा. त्याची कड रेसच्या आतल्या खांद्यावर टेकली पाहिजे, छऱ्यांच्या रस्त्यावर नव्हे. पिंजऱ्यातले छर्रे वापरत असाल तर पिंजरा उलटा तर नाही ना, हे कोरडे फिरवून पाहा. पत्रा रेसला घासत असेल तर तो उलटा आहे. वरची वाटी हाताने आवळा, किंचित मागे घ्या, वॉशर घाला आणि दोन पान्यांनी लॉकनट तिच्यावर कसा. मग हँडलची दांडी बसवा. तिच्या तळाची पाचर चिमट्याच्या नळीच्या आट्यांच्या खाली गेलीच पाहिजे, नाहीतर आट्यांवरच नळी फुगते आणि तिथेच तुटते. दांडी कसल्यानंतर सैलपणा पुन्हा तपासा, कारण त्या कसण्याने ऍडजस्टमेंट थोडी बदलते. आठवडाभराने सायकल परत बोलवा. नव्या वाट्या जागेवर बसल्या की केसभर ढिलाई येतेच, ती तेव्हाच काढून टाकावी.

यापुढे अशी सायकल तुमच्या स्टँडवर आली तर रेसच्या बैठकीचे आणि हेड ट्यूबचे माप बिलावर लिहा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला ते पुन्हा शोधावे लागणार नाही. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत द्या. आणि कंपनी, मॉडेल आणि दोन्ही मापे एवढे एका पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. तुमच्याकडून आलेल्या मापांचा तक्ता या मासिकात छापण्याची जबाबदारी आमची.