नजर गेल्यावर विमा काय कामाचा?

खिशात आयुष्मान कार्ड आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण. पण भिवंडीत मागावर धागा जोडणारे चाचा डोळे तपासायला गेले, तर ते कार्ड चालत नाही. ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. ओपीडीतली तपासणी तिच्यात बसत नाही. बहुतेक खासगी पॉलिसींचेही तेच: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला पैसे, नेहमीच्या तपासणीला नाही.

हिशेबच उलटा आहे. काचबिंदू बहुधा दुखत नाही, चाहूल देत नाही. त्याने नेलेली नजर कोणतीच शस्त्रक्रिया परत आणत नाही. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडतो, तेही सुरुवातीला कळत नाही. वेळीच सापडते ते तपासणीतच.

‘सरकारी दवाखान्यात मोफत आहे की!’ आहे. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा रांगेतला दिवस मोफत नसतो.

मित्रांनो, शिबिरात चष्मे वाटून फोटो काढणे आता पुरे. चाळिशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी आणि चष्मा सरकारी विम्यात आलाच पाहिजे; ही मागणी लेखी घेऊन आमदारांच्या दारात उभे राहा. आणि अब्बा-अम्मींना या महिन्यातच तपासून आणा. काचबिंदू शासन निर्णयाची वाट पाहत नाही.