नवा राजवाडा फक्त वाघ बघायला आहे का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, कोल्हापूरची सहल म्हटली की आपला क्रम ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पन्हाळा आणि वेळ उरला तर नवा राजवाडा. मुलं रांगेत आत जातात, पेंढा भरलेला वाघ बघतात, तलवारी बघतात आणि अर्ध्या तासात परत बसमध्ये. नंतर सहलीच्या निबंधात काय येतं? वाघ! त्यात मुलांचा काय दोष? आपण दाखवलंच तेवढं.

वास्तू सुंदर आहे, यात वाद नाही. १८७७ ते १८८४ या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यावर ती उभी राहिली. काळा घडीव दगड, घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. हे सगळं दाखवाच. पण १८८४ सालीच कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंत दत्तक येऊन शाहू झाला, हे किती मुलांना सांगतो आपण? चौथी-पाचवीतल्या मुलांच्याच वयाचा होता तो. हे कळलं की मुलं त्या तसबिरींसमोर आपोआप थांबतील.

माझं तर स्पष्ट मत आहे, या राजवाड्यात शिकवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याही काचेच्या कपाटात नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराच्या घरात केवढी रक्कम! (बडोद्यात सयाजीरावांनी हे १९०६ मध्येच केलं होतं. गंमत म्हणजे तिथला लक्ष्मीविलास राजवाडाही मँट यांच्याच आराखड्याचा.)

आजही ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेल्या मुलाचं नाव आपल्या हजेरीपटावर असतं आणि बाक रिकामा असतो. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात एवढंच विचारा: "तुला शाळेत पाठवलं नाही म्हणून राजाने तुझ्या बाबांना दंड केला, तर ते बरोबर की चूक?" भांडू द्या मुलांना. पालकांनीही घरी विचारून बघावं.

आणि हो, माहितीफलक वहीत उतरवून घ्यायला लावू नका. आवारातल्या हरणांकडे मुलं धावणारच, धावू द्यात. दंडाचा विषय परतीच्या बसमध्ये मुलंच काढतील.