‘हँड’पासून कोयत्यापर्यंत

इंग्रजीतला ‘हँड’ हा शब्द मुलं पहिलीतच शिकतात, पण त्याचे अर्थ मोजायला बसलं तर कोशाची पानं अपुरी पडतात. घड्याळाचा काटा म्हणजे हँड, पत्त्यांच्या डावात हाती आलेली पानं म्हणजे हँड, माणसाचं अक्षरही हँड, आणि मुलीला मागणी घालायची तीही तिच्या ‘हँड’ची. जहाजावरच्या खलाशाला आणि गिरणीतल्या मजुरालाही इंग्रज मालक ‘हँड’च म्हणत. आख्ख्या माणसाचा नुसता हात करणारी ही नजर चार्ल्स डिकन्सने १८५४ सालच्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत उघडी पाडली. बीड जिल्ह्यात भाषा याच्याही एक पायरी पुढे गेली आहे. इथे माणूस हातावरून ओळखला जात नाही, हातातल्या हत्यारावरून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळी किती माणसांची आहे, असं कुणी विचारत नाही. किती कोयते आहेत, असं विचारतात. कोयता म्हणजे लोखंडाचं पातं, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता. मजुरांनी संप केला तर ‘कोयता बंद’.

माझा आक्षेप या दुसऱ्या अर्थावर आहे, कारण सगळा हिशेब त्याच्यावर चालतो. मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यामागे आणि हाती पडते नवऱ्याच्या. जोडीने तोडलेल्या उसाचं टनावारी वजन एकाच नावावर चढतं. फडात मात्र कामं दोन असतात आणि दोन्ही कमरेचा काटा ढिला करणारी असतात. तोडणं बहुधा त्याच्याकडे. पाचट काढणं, मोळी बांधणं आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं तिच्याकडे. त्याआधी पहाटे कोपीत भाकरी थापून होते, ती कुठल्याच टनात मोजली जात नाही. एखाद्या दिवशी ती आजारी पडली तर जोडी मोडते, खाडा पडतो आणि दिवसाला पाचशे ते हजार रुपये कापले जातात. मिळकतीत तिचा वेगळा वाटा नाही, दंडाला कारण मात्र तिचं अंग. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही ती यामुळेच. २०१९ मध्ये बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा सरकारने नेमलेल्या समितीसमोर आकडे आले: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. या शस्त्रक्रियांमागे गरिबी आहे, कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत, पाण्या-संडासाची सोय नसलेले तळ आहेत, खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती आहे. तरीही आजारपणाचा एक दिवस दोघांच्या मजुरीवर उठतो, हे त्यातलं मोठं कारण मला वाटतं.

यावर म्हटलं जाईल की काम खरोखरच जोडीचं आहे, मग मोजमाप जोडीने केलं तर बिघडलं कुठे? काम जोडीचं आहे हे मान्य. पण भागीदारीच्या दुकानात गल्ला एक असला तरी कागदावर भागीदारांची नावं दोन असतात. समान कामाला समान मोबदला सांगणारा कायदा १९७६ मध्येच झाला. पण बाईचा मोबदलाच वेगळा लिहिलेला नसेल तर तो कमी आहे की समान, हे तपासायचं कशावरून? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोयता हा शब्द मजुरांचा स्वतःचा आहे, त्यात कष्टाचा अभिमान आहे, संघटनेची ताकद आहे. बाहेरच्यांनी तो का पुसावा? तो पुसू नयेच. घोषणेत, गाण्यात, संपात तो राहावा. हिशेबाच्या वहीतून मात्र त्याला उठवायला हवं, कारण तिथे तो एका माणसाला झाकतो. आणि शब्द बदलल्याने पोट भरत नाही, हेही खरं. म्हणूनच मी रकान्याबद्दल बोलतो आहे.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या वाटाघाटीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही वाढ लढून मिळाली आणि तिचं मोल मोठं आहे. पण ती टनाची आहे. त्या टनातले बाईचे किती, याचं उत्तर या वाढीत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ उभं राहिलं आहे, मजुरांच्या नोंदणीचं आणि ओळखपत्रांचं काम सुरू झालं आहे. ती नोंद बाईच्या नावाने स्वतंत्र व्हावी. पुढच्या करारात संघटनांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: टोळीच्या यादीत प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावं, उचल आणि मजुरी दोन खात्यांत अर्धी-अर्धी, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही. पहिल्या मागणीला कारखान्याचा एक रुपयाही खर्च नाही, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करायला कुणाची हरकत नसावी.