मातीचा हिशेब सांगणारा खांब

कृषिसंशोधन म्हटले की आपल्यासमोर एकच चित्र उभे राहते : नवे वाण, नवे खत आणि एकरी वाढलेला उतारा. उत्पन्न वाढविणे हे संशोधनाचे काम आहेच. परंतु ते निम्मेच काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते उत्पन्न काढताना जमिनीची किती झीज झाली, हे मोजून शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवणे, हे उरलेले निम्मे काम होय. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. जमीन किती झिजली हे विज्ञान सांगेल. पण ती झिजू द्यायची की नाही, हे समाजाला ठरवावे लागते. आणि समाज हा तर आमच्याच अभ्यासाचा विषय आहे.

माझे म्हणणे पटावे म्हणून एका दूरच्या प्रदेशाचे उदाहरण घेतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेस एव्हरग्लेड्स हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. हवा उपोष्ण, पाऊस भरपूर आणि जमिनीला उतार नाममात्र. सरोवरातून ओसंडलेले पाणी करवती पात्यांच्या उंच गवतातून संथपणे समुद्राकडे सरकत असे. त्या गवताचे अवशेष पाण्याखाली हवेअभावी पुरते कुजले नाहीत. सुमारे ५,००० वर्षे थरावर थर साचत गेले आणि त्यांची काळी, भुसभुशीत माती बनली. तिला पीट म्हणतात. माणसाने कालवे खणून पाणी काढून दिले आणि या मातीत नांगर घातला.

शेतकऱ्यांच्या मदतीसाठी बेल ग्लेड या गावी राज्याचे संशोधन केंद्र निघाले; त्याचा कायदा १९२१ चा. माती काळीभोर, पण पिके मात्र रोडावत. ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले की, या मातीत तांब्याची उणीव आहे; थोडे मोरचूद घातले की पीक तरारते. संशोधनाचे पहिले निम्मे काम ते हेच.

दुसरे निम्मे काम त्याच आवारात उभे आहे. १९२४ साली तेथे काँक्रीटचा ९ फुटी खांब खालच्या खडकापर्यंत रोवला गेला. त्याचा माथा तेव्हा जमिनीच्या पातळीत होता. आज त्याचा सुमारे ६ फूट भाग उघडा आहे! खांब वर आला नाही. जमीनच खाली गेली. पाणी काढून घेतल्याबरोबर मातीत हवा शिरली आणि सूक्ष्म जीवांनी ते जुने अवशेष खाऊन टाकले. जी माती साचायला शतकामागून शतके लागली, ती कर्बवायू होऊन हवेत विरली.

१९५१ साली स्टीफन्स व जॉन्सन या शास्त्रज्ञांनी आकडे मांडून इशारा दिला की, शतक संपेपर्यंत यातील फार मोठी जमीन शेतीला पुरणार नाही इतकी उथळ होईल. पण लोकांनी मात्र उसाचा विस्तार केला. क्यूबात १९५९ साली क्रांती झाली, पाठोपाठ तिथली साखर अमेरिकेने बंद केली, आणि फ्लोरिडातील ऊस झपाट्याने वाढला. शेतांतून निघालेल्या पाण्याबरोबर स्फुरद दक्षिणेच्या दलदलीत जाऊ लागले. तेथील गवताला अब्जात १० भाग इतकेच स्फुरद मानवते. ते वाढताच त्या गवताची जागा पाणकणसाने घेतली. अखेर १९८८ मध्ये केंद्र सरकारने प्रकरण न्यायालयात नेले, १९९४ मध्ये कायदा झाला आणि या शेतीपट्ट्यातून जाणारे स्फुरद २५ टक्क्यांनी घटविण्याचे बंधन आले.

यानंतरची हकिकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माती तपासून खत देणे, ते सरसकट न फेकता ओळीत देणे, पाऊस पडताच पंप सुरू न करणे, चरांतील गाळ काढणे, अशा साध्या उपायांनी शेतकऱ्यांनी ते बंधन पाळलेच, शिवाय दीर्घकाळच्या सरासरीत निम्म्याहून अधिक घट करून दाखविली. उन्हाळ्यात रिकाम्या रानात पाणी कोंडून भात घेतला की मातीची झीज मंदावते, हेही प्रयोगांती कळले. १९५१ चे भाकीत पुरते खरे ठरले नाही, याचे श्रेय काही अंशी अशा उपायांना आहे. मात्र झीज मंदावली आहे, थांबलेली नाही.

यावर एक आक्षेप येतो. शेतकऱ्यासाठी काढलेल्या केंद्राने शेतकऱ्यालाच भीती का दाखवावी? पोट भरायचे तर पीक घ्यावेच लागते. आक्षेप खोटा नाही. परंतु खर्च झालेले भांडवल मिळकत म्हणून सांगणारा मुनीम धन्याचा हितचिंतक कसा म्हणावा? बेल ग्लेडचा खांब कुणाला शेती सोडा म्हणत नाही. किती उरले आहे, एवढेच तो सांगतो.

आता आपल्या कृष्णाकाठाकडे वळू. येथील माती पीट नव्हे आणि ती हवेत विरतही नाही. पण ऊस तोच, आणि हव्यास तोच. सांगली-कोल्हापूरच्या काळ्या रानांत अतोनात पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे कित्येक जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. वाणांच्या बाबतीत आपण मागे नाही. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिकाही मिळते. पण ती घरातल्या कागदांत राहते. शेजाऱ्याला ती दिसत नाही आणि गावालाही दिसत नाही. बांध ज्याचा त्याचा असला, तरी जमिनीखालचे पाणी काही बांध ओळखत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ऊसगावात चावडीसमोर एक फलक असावा. गावच्या रानांत पाणी किती फुटांवर आले, क्षार किती वाढले आणि किती एकर पडीक झाले, हे त्यावर दरवर्षी लिहावे. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडतात; त्यांनी हे मोजमाप शिकून घ्यायला काय हरकत आहे? एकरी उताऱ्याचे आकडे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांच्या शेजारी हेही आकडे लिहिले गेले, तर पुढच्या पिढीला हिशेब निदान पुरा मिळेल.