वकील नव्हे, आरोपीच नायक: ‘फकिरा’ आजही का महत्त्वाचा?

कादंबरीतला आदर्श वकील म्हटलं की जगभर अ‍ॅटिकस फिंचचं नाव येतं. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला (१९६०) हा गोरा वकील निरपराध कृष्णवर्णीय आरोपीसाठी कोर्टात लढतो.

त्याआधी वर्षभर, १९५९ मध्ये, अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली. अण्णाभाऊ वाटेगावचे. त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यात असलेलं हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. दुष्काळात धान्य लुटून उपाशी लोकांना जगवणारा फकिरा सरकारदरबारी मात्र दरोडेखोर ठरतो.

दोघांत फरक काय? फिंचच्या गोष्टीत आरोपीची बाजू वकील मांडतो. इथे आरोपीच नायक आहे आणि पिंजऱ्यात उभा आहे तो कायदा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण विमुक्त समाजांकडे संशयाने पाहणं थांबलेलं नाही.

साताऱ्यात शाळेत गेलेल्या एका खऱ्या बॅरिस्टरच्या, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अण्णाभाऊंनी ही कादंबरी अर्पण केली. त्या लेखणीने कायदा बदलला. ‘फकिरा’ने कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्याची बाजू मांडली.