चाल कुणाची?

मे महिन्यात मालवणला एका लग्नाला गेलो होतो. वरातीत बेंजोवाल्यांनी 'बॉबी'तलं 'ना मांगूँ सोना चाँदी' सुरू केलं. मामा म्हणाले, "ह्यां बॉबीतलां गाणां." मी लगेच शहाणपणा केला, "नाय ओ मामा, ह्यां गोंयचां लोकगीत!"

नंतर शोधलं, तर दोघेही अर्धेच बरोबर. 'बॉबी' १९७३ चा. त्यातली चाल 'हांव सायबा पलतडी वेतां' या कोंकणी देखणीवरून घेतलेली. दामूच्या लग्नाला नदीपलीकडे न्या, म्हणून होडीवाल्याला नथ देऊ करणारी ती बाई. आणि या देखणीला कर्ता आहे: कार्लोस युजेनियो फेरेरा. ती १८९५ मध्ये पॅरिसला छापली गेली, गोव्यात १९२६ मध्ये.

एकदा 'लोकगीत' म्हटलं की कर्त्याचं नाव विचारायची गरजच वाटत नाही, हेच मला खटकतं. चाल गावोगाव फिरावी, बदलावी, बेंजोवरही वाजावी. त्याशिवाय ती जगणार कशी? पण सोबत नाव न्यायला काय खर्च येतो?

गोव्याचं निदान छापलं तरी गेलं. आपल्याकडे डबलबारीच्या बुवांनी, दशावताराच्या पेटीवाल्यांनी बांधलेल्या चालींचं काय? आमच्या वाडीतल्या एका भजनाची चाल कुणाची, हे सांगू शकणारे आजोबा गेल्या वर्षी गेले. मी कधी विचारलंच नाही.

असो. तुमच्याकडे कुणी जाणतं माणूस असेल तर या गणपतीत नक्की विचारा. आणि लिहून ठेवा.